दुसऱ्याच्या नावाचे नाणे

इ. स. १८०३ च्या फेब्रुवारी महिन्यात जर्मनीतील रेगेन्सबुर्ग नगरीच्या साम्राज्यसभेने, नेपोलियनच्या मर्जीकडे एक डोळा ठेवून, शंभराहून अधिक लहानमोठी संस्थाने, धर्मपीठे आणि स्वायत्त नगरे यांचे स्वतंत्र अस्तित्व एका ठरावासरशी पुसून टाकले; आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस, अकोल्याच्या उत्तरेला तेल्हाऱ्याच्या बाजूस असलेल्या अडगावच्या मैदानात, दिवस कलल्यावर सुरू होऊन चांदण्यात पाठलागापर्यंत लांबलेल्या लढाईत, नागपूरकर भोसल्यांच्या ३८ तोफा जनरल वेलस्लीच्या हाती पडल्या. या दोन घटनांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. एक दुवा तर उघडच आहे: अडगाव जिंकणारा हा वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ च्या आरंभी व्हिएन्नाच्या परिषदेत इंग्लंडचा प्रतिनिधी म्हणून बसला, आणि रेगेन्सबुर्गच्या ठरावातून वाचलेल्या संस्थानांचे भवितव्य ठरविणाऱ्यांच्या पंक्तीत त्याचेही पान मांडलेले होते. पण आम्हास येथे ज्या संबंधाविषयी लिहावयाचे आहे तो सेनापतींचा नसून नाण्यांचा आहे.

नेपोलियनच्या काळातील युरोपीय संस्थानिकांची नाणी जमविणे हा पाश्चात्त्य संग्राहकांचा मोठा आवडीचा विषय आहे, आणि त्या आवडीचे कारण समजण्यास कठीण नाही. सत्ता अल्पायुषी, टांकसाळ लहान, नाणी थोडी. दुर्मिळतेला आणखी काय हवे? नेपोलियनचा सेनाधिकारी मार्शल बेर्तिये यास १८०६ साली स्वित्झर्लंडच्या सीमेवरील नोशातेल हे संस्थान बक्षीस मिळाले. या गृहस्थाने आपल्या संस्थानात एकदाही पाऊल टाकले नाही, पण 'नोशातेलचा राजा अलेक्सांद्र' अशी अक्षरे असलेली नाणी मात्र तेथे पडली. नेपोलियनची बहीण एलिझा आणि तिचे पती बाचोकी यांस इटलीतील लुक्का व प्योंबीनो हा चिमुकला मुलूख मिळाला, आणि १८०५ पासून तेथील चांदीच्या पाच फ्रँकी नाण्यावर नवराबायकोचे मुखवटे शेजारी शेजारी झळकू लागले. ऑफेनबाखला राजधानी असलेल्या इझेनबुर्गच्या राजाने १८११ साली स्वतःच्या चेहऱ्याचा थालर पाडून घेतला, आणि त्यानंतर चारच वर्षांनी त्याचे राज्य नकाशावरून नाहीसे झाले. या साऱ्या नाण्यांत एक गुण समान आहे, तो असा की राज्य जितके लहान आणि परावलंबी, तितका नाण्यावरील चेहरा ठसठशीत. ज्याच्या हाती सैन्य नाही, परराष्ट्रसंबंध नाहीत, ज्याचे सिंहासन पॅरिसच्या एका हुकुमासरशी उलथणारे आहे, त्याला निदान रुपयाएवढ्या चकतीवर तरी सार्वभौम होता येते.

आता वऱ्हाडाकडे वळावे. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव करून दक्षिणेत आपली स्वतंत्र सत्ता स्थापली, तेव्हापासून वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा तो विलक्षण दुअंमल सुरू झाला, की ज्यात एकाच गावच्या वसुलात साठ हिस्से भोसल्यांचे आणि चाळीस निजामाचे असा हिशेब चाले, आणि रयतेला दोन मालकांचे दोन कमाविसदार दारात उभे दिसत. या दोघांच्या मध्ये एलिचपुरास (म्हणजे अचलपुरास) पन्नी पठाणांचे नवाबी घराणे नांदत होते. ते नावाने निजामाचे अंकित. पण आपापल्या ताकदीप्रमाणे कधी स्वामिनिष्ठ तर कधी बेमुर्वत. बाळापूरचा किल्ला १७५७ साली पुरा करणारा नवाब इस्माईलखान पन्नी हा १७७५ साली खुद्द निजामाच्या फौजेशी लढतानाच कामी आला. त्याच्यामागून आलेला सलाबतखान हा टिपूविरुद्धच्या मोहिमेत आणि १८०३ च्या लढायांत निजाम व इंग्रज यांच्या बाजूने लढला. एलिचपूर आणि बाळापूर या दोन्ही गावांची नावे मोगल टांकसाळींच्या नामावळीत आढळतात, आणि मोगलांचा अंमल ओसरल्यावरही एलिचपुरात तांब्याचा पैसा पडत राहिला. म्हणजे सैन्य, वसूल, किल्ला, टांकसाळ ही सारी सामग्री येथे होती. लुक्काच्या एलिझाबाईंपेक्षा आमचे एलिचपूरकर नवाब काही कमी मातबर नव्हते. आणि नागपूरकर भोसल्यांचे राज्य तर ओरिसाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पसरलेले होते.

असे असता यांपैकी एकाचेही नाव नाण्यावर नाही! एलिचपुरी पैशावर शाहआलम बादशहा. निजामाच्या रुपयावर शाहआलम बादशहा. आणि भोसल्यांच्या कटक येथील टांकसाळीतून निघालेल्या रुपयावर त्याच्याही आधीचा अहमदशहा बादशहा. निजामाच्या पुढील रुपयांवर फार तर त्याच्या नावाचे एखादे अक्षर कोपऱ्यात लपतछपत येते. युरोपातील लहान राजा नाण्यावर आपल्या आकाराहून मोठा दिसतो, तर आमच्याकडचा मोठा सत्ताधीश नाण्यावर दिसतच नाही. हा विनय नव्हे, ही राजनीती होती. नाण्याचे मोल त्यातील चांदीइतकेच त्यावरील परिचित अक्षरांवर अवलंबून असते, आणि सराफ ज्या रुपयाला ओळखतो तो रुपया बट्ट्यावाचून चालतो. स्वतःचे नाव घालून बाजाराचा विश्वास गमावण्यापेक्षा दिल्लीचे नाव घालून वसूल आपल्या कोठीत आणणे हे अधिक शहाणपणाचे, असे या सर्व व्यवहारी पुरुषांना वाटले असल्यास त्यात नवल नाही. शिवाय खुतबा आणि सिक्का ही बादशाहीची दोन लक्षणे मानली जात. ती उघडपणे बळकावणे म्हणजे बंडाचा पुकारा, आणि बंडखोर म्हणवून न घेता बंडाची सगळी फळे चाखण्याची सोय असताना तो पुकारा कोण करणार?

या व्यवस्थेतील विपरीतपणा १८०३ साली पराकोटीस पोहोचला. अहमदशहाला १७५४ मध्येच पदच्युत करून त्याचे डोळे काढले गेले होते, आणि १७७५ साली तो कैदेत मेला. शाहआलमाचे डोळे १७८८ मध्ये गुलाम कादराने काढले. म्हणजे अडगावच्या रणांगणावर जे दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले, त्या दोघांच्याही खजिन्यातील रुपयांवर अंध बादशहांची नावे होती, आणि त्यांपैकी एक तर मरून पाव शतकाहून अधिक काळ लोटलेला होता. जो जिवंत होता तो शाहआलम त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, दिल्ली इंग्रजांच्या हाती पडताच, त्यांचा सेनापती लॉर्ड लेक याच्या छत्राखाली गेला. नाणी मात्र पूर्ववत पडत राहिली.

अडगावच्या जखमींसाठी वेलस्लीने एलिचपुरास रुग्णालय उभारले, पुढे गाविलगडास वेढा पडला, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी तो दुर्गम किल्ला सर झाला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, एलिचपुराजवळील देवगाव येथे भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांनी तहास मान्यता दिली. त्या तहाची दोन कलमे नाण्यांच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवावी. एका कलमाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख गेला. कटक प्रांतही गेला, आणि त्याबरोबर तेथील टांकसाळही. दुसऱ्या कलमाने कोणाही फ्रेंच माणसास, किंवा इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या अन्य युरोपीय राष्ट्राच्या प्रजाजनास चाकरीत ठेवण्याची बंदी भोसल्यांवर आली. पॅरिसमध्ये बसलेल्या नेपोलियनची छाया अशा रीतीने अचलपुराच्या शिवारापर्यंत पोहोचली होती. वऱ्हाडचा तो मुलूख इंग्रजांनी निजामास दिला, दुअंमल संपला, आणि रयतेच्या पाठीवर दोनांच्या जागी एकच मालक आला. पण तो एक मालक हैदराबादेस असल्याने प्रत्यक्षात त्याचे ताबेदारच मालक झाले.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांतील रुपयांची कथा आम्हास सर्वांत उद्बोधक वाटते. हैदराबादेत पेशकार राजा चंदूलाल यांचा सर्वाधिकार होता, आणि त्यांचे बंधू राजा गोविंदबक्ष यांच्याकडे वऱ्हाडाचा कारभार आला. औरंगाबादेच्या टांकसाळीत पडलेला या काळातील रुपया साऱ्या मुलखात 'गोविंदबक्षी' या नावाने ओळखला गेला. नाण्यावर गोविंदबक्षांचे नाव नाही. तेथे बादशहाचेच नाव आहे, आणि टांकसाळीच्या जागी औरंगाबादचे 'खुजिस्ता बुनियाद' हे शाही अभिधान. परंतु बाजारातील माणसाला रुपयावरील फारसी अक्षरे वाचावयाची नव्हती. त्याला रुपया कोणाच्या हुकुमाने पडला, त्याची चांदी किती, आणि सरकारी भरण्यात तो किती बट्ट्याने घेतला जाईल, एवढेच जाणून घ्यावयाचे होते, आणि या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एका माणसाच्या नावात सामावलेले होते. पुढे १८३० नंतरच्या दशकात याच मुलखात 'पेस्तनशाही' रुपया आला. हा पेस्तनजी कोणी सुभेदार नव्हता, सेनापती नव्हता. विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी बंधूंच्या सावकारी पेढीचा तो एक मालक. १८२५-२६ साली वऱ्हाडचा कापूस पाचशे बैलांच्या पाठीवर लादून मुंबईस प्रथम धाडला तो याच पेढीने. निजामाच्या रिकाम्या खजिन्यास कर्ज द्यावे, त्याच्या फेडीपोटी वऱ्हाडातील परगण्यांचा वसूल लावून घ्यावा, आणि तो वसूल हाताळता हाताळता औरंगाबादची टांकसाळही आपल्या ताब्यात आणावी, अशी या पेढीची चढती कमान होती. चंदूलालांचा अधिकार १८४३ मध्ये संपला आणि थोड्याच काळात पेस्तनजींच्या हातचे परगणेही सुटले.

दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, हैदराबादच्या निजामाच्या हुकुमतीत, औरंगाबादेच्या टांकसाळीत, तारापूरच्या पारशी सावकाराने पाडलेला, आणि अकोल्या-अमरावतीच्या कापसाच्या सौद्यात फिरणारा हा रुपया! युरोपात एखाद्या सावकाराने राजाचे कर्ज वसूल करण्यासाठी टांकसाळ चालविली असती, तर त्याने निदान आपल्या कुलाचे चिन्ह तरी ठळकपणे कोरले असते. आमच्याकडे हे काम लोकांच्या जिभेने केले. नाण्यावरील लेख हा दरबाराचा शिष्टाचार होता, आणि नाण्याचे बाजारातील नाव हा रयतेचा निवाडा होता. एकाने सत्ता लपविली, दुसऱ्याने ती उघडी केली. इतिहासकाराने यांतील कोणाचे ऐकावे, याविषयी आमच्या मनात तरी संदेह नाही.

या जुन्या रुपयांची घडणच अशी, की ते आपले रहस्य सहजासहजी सांगत नाहीत. युरोपात त्या सुमारास पेचाच्या यंत्राने दाबून काढलेली वाटोळी, सारख्या कडांची नाणी निघत. येथे मात्र धातूचा गोळा वजनाप्रमाणे कातरून, तापवून, ठोकून चकती करीत, आणि दोन ठशांच्या मध्ये ठेवून वर घणाचा एक घाव घालीत. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर संपूर्ण लेख कधीच उमटत नाही. एकावर 'जुलूस मैमनत मानूस' या ठराविक मजकुराचा तुकडा, दुसऱ्यावर सनाचा अर्धा आकडा, तिसऱ्यावर टांकसाळीच्या नावाची नुसती शेपटी. एलिचपूर हे नाव पुरे वाचावयाचे तर एकाच ठशाचे अनेक पैसे शेजारी मांडून त्यांवरील अक्षरे मनाने जुळवावी लागतात. म्हणून या क्षेत्रात एकच सुंदर नाणे चढ्या किमतीने विकत घेणारा रसिक फारसा पुढे जात नाही. झिजलेली, छेद मारलेली, सराफांनी पारखखुणा उमटवलेली पन्नास सामान्य नाणी जमविणारा चिकट माणूसच काहीतरी नवे सांगू शकतो. (आणि त्याने ती नाणी चिंचेच्या कोळाने घासून चकचकीत करू नयेत, एवढी विनंती येथेच करून ठेवावीशी वाटते, तांब्यावरील शतकाची काळपट छटा गेली की अक्षरांच्या कडाही तिच्याबरोबर जातात.)

नेपोलियनच्या युरोपाचे एक नाणे मात्र वऱ्हाडी घराला अगदी जवळून परिचित होते, आणि त्याची ओळख करून घेण्यास लिलावांच्या याद्या चाळण्याची गरज नव्हती. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा सोन्याचा ड्यूकाट, संत मार्कपुढे गुडघे टेकणाऱ्या अधिपतीची आकृती असलेला, तेराव्या शतकापासून जवळजवळ त्याच रूपात पडत आला होता, आणि तांबड्या समुद्राच्या व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर उतरून तो 'पुतळी' म्हणून महाराष्ट्रभर प्रिय झाला. १७९७ च्या मे महिन्यात नेपोलियनने ते सहस्रवर्षांचे प्रजासत्ताक मोडले. शेवटचा अधिपती लुदोविको मानिन पायउतार झाला. पण देशोदेशीच्या सोनारांना त्याचे सोयरसुतक नव्हते. मूळ नाणी मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी स्वतःच्याच ठशांनी पुतळ्या घडविल्या, लॅटिन अक्षरांच्या जागी निरर्थक रेघा आल्या, संत आणि अधिपती यांची हळूहळू देवदेवता झाली, आणि पुतळ्यांची माळ नवरीच्या गळ्यात पडत राहिली. दिल्लीच्या अंध बादशहाचे नाव जसे रुपयावर टिकले, तसे व्हेनिसच्या मृत राज्याचे चित्र सोन्यावर टिकले.

एवढी नाणी पडली, तर मग ती आज दुर्मिळ का? युरोपातील संस्थानी नाणी मुळातच थोडी पडली. वऱ्हाडच्या बाजारातले रुपये मात्र मुबलक असून नाहीसे झाले, आणि त्यांचा मारेकरी सोनाराची मूस होय. २१ मे १८५३ च्या तहाने, हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि १८३५ पासून एकाच वजनाने व एकाच कसाने पडणारा कंपनीचा कळदार रुपया येथील व्यवहारात प्रमाण ठरला. पोतदाराची पारख, सराफाचा बट्टा, हाली, चलनी अशा निरनिराळ्या रुपयांच्या दरांची रोजची घासाघीस हे सारे एकाएकी निरुपयोगी झाले. जुना रुपया सरकारी भरण्यात चालेना, तेव्हा तो चांदी म्हणून मुशीत गेला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा भाव गगनास भिडविला, आगगाडी वऱ्हाडात शिरली, अकोला, खामगाव, अमरावती येथे परदेशी पेढ्यांचे अडते बसले, आणि शेतकऱ्याच्या हाती आलेल्या चांदीचे गोठ-तोडे घडले. त्यांतील कित्येकांच्या पोटात गोविंदबक्षी आणि पेस्तनशाही वितळलेले असतील. १८९९-१९०० च्या दुष्काळात तेच गोठ-तोडे धान्यासाठी पुन्हा सराफकट्ट्यावर आले आणि दुसऱ्यांदा मुशीत गेले.

कागदावर वऱ्हाड निजामाचेच होते. १९०२ च्या नोव्हेंबरात सालिना २५ लाख रुपयांच्या बदल्यात ते इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले गेले, तेव्हाही निजामाचे सार्वभौमत्व शब्दशः मान्य केलेलेच होते. पण १८६२ पासून येथील बाजारात जो रुपया फिरत होता त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा होता. निजामाने १८५७ च्या उलथापालथीनंतर मोगल बादशहाचे नाव टाकून आसफजाही नाणी पाडण्यास आरंभ केला खरा, परंतु ज्या प्रांतासाठी त्याच्या दरबारात पुढे पाऊण शतक तक्रारी चालल्या, त्या वऱ्हाडात तोपर्यंत त्याचे नाणे परके झालेले होते. दीड शतक खोटे बोलत आलेले नाणे शेवटी खरे बोलू लागले ते या वेळी, आणि आता खोटे बोलण्याची पाळी तहनाम्यांची होती.

जुन्या नाण्यांकडे विद्वत्तेने पाहिले म्हणजे काय घडते, याचे उत्तम उदाहरण याच प्रांतात आहे. मंगरूळपीराजवळील तऱ्हाळे येथे, जे तेव्हा अकोला जिल्ह्यात होते व आज वाशीम जिल्ह्यात आहे, १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा ठेवा निघाला. मिश्रधातूची ती क्षुद्र, काळवंडलेली नाणी, ज्यांच्या एका बाजूस हत्ती आणि दुसऱ्या बाजूस उज्जैनी चिन्ह, एखाद्या सोनाराने मुठीत धरून फेकूनही दिली असती. परंतु महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती वाचली, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखे, पुराणांच्या वंशावळीतही न सापडणारे राजे प्रकाशात आले. हेच मिराशी पुढे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या राजांना मिळालेला हा न्याय दोनशे वर्षांपूर्वीच्या एलिचपूरला अद्याप मिळावयाचा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्याकडे कळवावा लागतो, आणि तशा रीतीने आलेली नाणी नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तेथील संग्रहालयात, जमा होत आली. पण सराफाच्या गल्ल्यात एकेकटा येणारा तांब्याचा पैसा कोणत्याच कायद्याच्या दृष्टीस पडत नाही.

त्यातून आणखी एक अडचण अशी, की गोविंदबक्षी आणि पेस्तनशाही हे रुपये संग्रहालयांत व विक्रेत्यांच्या याद्यांत 'हैदराबाद, टांकसाळ औरंगाबाद' या सदराखाली मांडले जातात. टांकसाळीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. नाण्यावर तसेच लिहिलेले आहे. परंतु ज्या प्रांताच्या वसुलाने ती चांदी ओढून आणली, आणि ज्याच्या कापसाच्या सौद्यात ती खर्ची पडली, त्या प्रांताचे नाव त्या सदरात कोठेही येत नाही. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या संग्राहकास असा रुपया हाती लागला, तर त्याने तो कोणत्या गावी, कोणाच्या घरी, इतर कोणत्या नाण्यांच्या सोबत मिळाला, ही नोंद नाण्याच्या पाकिटावर करून ठेवावी. कारण वर उमटलेल्या बादशहाकडून, टांकसाळीकडून किंवा सनाकडून ही माहिती त्याला कधीच मिळणार नाही, आणि सराफाकडे विचारणा करण्यास एक पिढी उशीर झाला तर तीही मिळणार नाही.